पगारासोबत पॉलिसीही वाचा

नोकरीची मुलाखत देऊन आलेल्या माणसाला घरात पहिला प्रश्न पगाराचा विचारला जातो. मग सुट्ट्यांचा, मग ऑफिस किती लांब आहे याचा. कंपनी आरोग्य विमा देते का आणि देत असेल तर त्यात कोणता उपचार बसतो, हे सहसा कुणी विचारत नाही. घरात सगळे धडधाकट असतील तर चालून जाते. पण ज्या घरात एखाद्याला तीन-चार लाखांच्या उपचाराची गरज आहे, तिथे हा प्रश्न पगाराइतकाच मोठा असतो. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा असाच एक उपचार आहे. त्यासाठी आमच्या थोरल्या आपाने नोकरी बदलली. त्या काळात आम्ही भावंडांनी जे विचारले, वाचले आणि समजून घेतले ते वाचक भगिनी-बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून, आपाच्याच परवानगीने, इथे मांडत आहोत.

आपा साताऱ्यात राहते. दुल्हाभाईंचे मोटारीच्या सुट्या भागांचे छोटे दुकान आहे, दोन मुले आहेत. आपा बी.कॉम. झालेली. एका खासगी शाळेच्या कार्यालयात अकरा वर्षे हिशेबाचे काम करत होती. उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन १०६ किलो. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी साखर निघाली, पुढे रक्तदाब. गोळ्या वाढत गेल्या, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊच्या खाली येईना. रात्री घोरताना मध्येच तिचा श्वास थांबायचा. दुल्हाभाई जागे राहून तिला हलवायचे. दिवसा हिशेबाच्या वहीवर डोके टेकून डुलकी लागायची.

वजन आणि आजार

जाड माणसाला सल्ला देण्याचा हक्क आपल्या समाजात सगळ्यांनाच आहे. वलीम्यात ताटावर बसल्यावर एक खाला म्हणते, "थोडं तोंड आवर," आणि दुसरी त्याच ताटात आग्रहाने बिर्याणी वाढते. आपाने काय काय केले नव्हते? सकाळी चालणे, भात बंद, रात्रीची भाकरी बंद, आहारतज्ज्ञांचे दोन कोर्स. दर वेळी सात-आठ किलो उतरायचे आणि वर्षभरात नऊ-दहा परत यायचे. हे आळशीपणामुळे होत नाही. वजन एका मर्यादेपलीकडे गेले की शरीर तेच वजन आपले मानून ते राखायला झटते. भुकेचे रस वाढतात, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, शरीर कमी ऊर्जेत काम भागवू लागते. म्हणूनच वैद्यकशास्त्र आता तीव्र लठ्ठपणाला आजार म्हणते.

डॉक्टर हे मोजतात ते बीएमआयने. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागले की बीएमआय मिळतो. आपाचा आला साडेबेचाळीस. साताऱ्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पुण्यातल्या सर्जनकडे पाठवले. त्यांनी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी सुचवली. या शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून उरलेल्याची केळ्याच्या आकाराची नळी करतात. खाणे थोडक्यात भागते. शिवाय भूक लावणारे एक संप्रेरक मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही कमी होते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींचा मधुमेहावर चांगला परिणाम होतो. अनेकांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या काही वर्षे पूर्ण बंदही होतात.

अम्मीची पहिली शंका होती, "अल्लाहने दिलेलं अंग कापायचं कशाला, बेटी?" सर्जनने तिला शांतपणे समजावले की ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया नाही. मूत्रपिंड, डोळे आणि हृदय वाचवण्यासाठी जसा अपेंडिक्स काढतात, तसा हा इलाज आहे. अम्मीला ते पटले. मग आला खर्चाचा आकडा. दोन रुग्णालयांत विचारले, तर साडेतीन ते साडेचार लाख. दुल्हाभाईंच्या दुकानावर आधीच कर्ज होते.

स्वतःची पॉलिसी का चालली नाही

आम्हाला प्रथम वाटले की एखादी पॉलिसी विकत घ्यावी आणि शस्त्रक्रिया करून टाकावी. पण विम्याचे काम तसे चालत नाही. अर्ज भरताना उंची, वजन आणि असलेले आजार लिहावे लागतात. एवढ्या बीएमआयला विमा कंपनी जादा हप्ता लावू शकते किंवा अर्जच नाकारू शकते. पॉलिसी मिळालीच तरी आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो. विमा नियामक प्राधिकरण म्हणजे आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. पूर्वी तो ४८ महिने होता. म्हणजे आज पॉलिसी घेतली तरी उपचाराला तीन वर्षे लागू शकतात. साखर साडेनऊ असलेल्या माणसाने तीन वर्षे कशी काढायची?

एका एजंटने सुचवले, "फॉर्मवर साखर लिहू नका, कोण बघतंय?" आम्ही त्याला परत बोलावले नाही. खोटे लिहिणे गुनाह तर आहेच, शिवाय दावा करताना रुग्णालयाचे जुने कागद निघतात आणि पॉलिसी रद्द होते. साठ महिने पॉलिसी सलग चालू राहिली तर माहिती लपवल्याचे कारण सांगून विमा कंपनी दावा नाकारू शकत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तीही सवलत नाही.

आमच्या धाकट्या भावाच्या पुण्यातल्या ऑफिसमध्ये एका सहकाऱ्याची अशीच शस्त्रक्रिया कंपनीच्या विम्यातून झाली होती. तिथून आम्हाला वाट दिसली. भावाच्या पॉलिसीत आई-वडील बसत होते, बहीण बसत नव्हती. आपाला स्वतःच नोकरी शोधावी लागणार होती.

कंपनीच्या गट विम्याचे गणित

नोकरदारांसाठी कंपनी जी पॉलिसी घेते तिला गट विमा म्हणतात. ती वैयक्तिक पॉलिसीपेक्षा तीन बाबतींत वेगळी असते. कर्मचाऱ्याची वैद्यकीय तपासणी करून त्याला बाहेर ठेवण्याची पद्धत सहसा नसते. बऱ्याच कंपन्या आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण देतात, कारण थांबण्याचा काळ काढून टाकण्यासाठी त्या विमा कंपनीला जादा पैसे मोजतात. आणि पॉलिसीत काय ठेवायचे व काय वगळायचे हे कंपनी आणि विमा कंपनी मिळून ठरवतात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन ऑफिसांत एकाच विमा कंपनीची पॉलिसी असली तरी आतला मजकूर वेगळा असू शकतो.

वजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये एकसारखे कलम ठरवून दिले. त्यानुसार डॉक्टरांचा सल्ला हवा, शस्त्रक्रिया मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवी आणि रुग्णाचे वय किमान १८ हवे. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. किंवा तो ३५ किंवा त्याहून जास्त असून वजन कमी करण्याचे साधे उपाय फसलेले असावेत आणि सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडणे, किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. या अटींत न बसणारा खर्च विमा कंपनी वगळू शकते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या शिफारशींतले आहेत. लठ्ठपणाच्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२२ मध्ये ही मर्यादा खाली आणली. बीएमआय ३५ असेल तर दुसरा आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करावी, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासून तिचा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे आहे. कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह लवकर जडतो. म्हणून "तुम्ही शस्त्रक्रियेसाठी योग्य आहात" असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे विमा मंजूर झाला असे समजू नये. डॉक्टरांचे माप आणि पॉलिसीचे माप वेगळे असू शकते. नोकरी सोडण्याआधी दोन्ही मापांत आपण बसतो का हे तपासावे.

दोन नोकऱ्या, दोन पॉलिसी

आपाने टॅलीचा अभ्यासक्रम नव्याने केला, जीएसटीचे विवरणपत्र भरायला शिकली आणि पुण्यात अर्ज टाकले. चार महिन्यांत दोन ठिकाणांहून होकार आला. पहिल्या कंपनीचा पगार दुसरीपेक्षा महिन्याला सहा हजारांनी जास्त होता. दोन्ही नेमणूकपत्रांत विम्याबद्दल एकच ओळ होती: कंपनीच्या धोरणानुसार वैद्यकीय विमा.

आता विचारायचे कसे, हा पेच होता. "माझी वजनाची शस्त्रक्रिया बसेल का?" असे रुजू होण्याआधीच विचारले तर समोरच्याच्या मनात नको ते विचार यायचे. भावाने सांगितले, "आपा, तू एकच उपचार विचारू नकोस. पूर्ण पॉलिसी माग." मग तिने दोन्ही ठिकाणच्या एचआरला सारखेच लिहिले की कुटुंबाचे नियोजन करण्यासाठी गट विम्याचे संपूर्ण माहितीपत्रक आणि वगळलेल्या गोष्टींची यादी मिळावी. असे मागणे अजिबात गैर नाही, आणि दोन्ही कंपन्यांनी ती कागदपत्रे पाठवली.

पहिल्या पॉलिसीत लठ्ठपणावरील सर्व उपचार स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. दुसरीत वरच्या अटींसह शस्त्रक्रिया मान्य होती. विमा रक्कम पाच लाख, आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण, नवरा आणि दोन मुले त्यात समाविष्ट. सहा हजार महिन्याला म्हणजे वर्षाला बहात्तर हजार. चार लाखांचा उपचार त्या जादा पगारातून करायचा तर साडेपाच वर्षे लागली असती. दुल्हाभाईंनी वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब मांडला आणि वाद मिटला.

पॉलिसी वाचताना आम्ही पुढच्या गोष्टी पाहिल्या. वाचकांनीही याच क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट, विमा रुजू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो की प्रोबेशन संपल्यावर.

दुसरी, आधीच्या आजारांसाठी किंवा या शस्त्रक्रियेसाठी वेगळा थांबण्याचा काळ आहे का.

तिसरी, या उपचारासाठी वेगळी कमाल मर्यादा आहे का. विमा पाच लाखांचा असतो आणि एखाद्या ओळीत या शस्त्रक्रियेला फक्त दीड लाख असे लिहिलेले असते.

चौथी, बिलाचा काही टक्का आपण भरायचा अशी अट आहे का, आणि खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का. भाडे मर्यादेबाहेर गेले तर काही पॉलिसींत बिलाच्या इतर भागांवरही त्याच प्रमाणात कपात होते.

पाचवी, आपले रुग्णालय आणि सर्जन विमा कंपनीच्या यादीत आहेत का.

सहावी, पॉलिसीचे वर्ष कधी संपते. कंपनी दरवर्षी नवा करार करते, त्यात अटी बदलू शकतात. यंदा असलेले संरक्षण पुढच्या वर्षी तसेच राहील असे धरून चालू नये.

आणि नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. जुन्या कंपनीचा विमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्याआधी अर्ज केल्यास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि आधीच्या वर्षांचा लाभ मिळतो, पण विमा कंपनी स्वतःच्या अटी तपासते. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि संस्था ईएसआय योजनेखाली असेल तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. त्यात कर्मचाऱ्याचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का असतो आणि कुटुंबालाही उपचार मिळतात. पगारवाढीने ही मर्यादा ओलांडली जात असेल तर जे सुटते आणि जे मिळते ते दोन्ही मांडून पाहावे.

हे प्रामाणिकपणाचे आहे का?

हा प्रश्न आपानेच काढला. "विम्यासाठी नोकरी धरायची, म्हणजे मालकाला फसवणं नाही का?" आम्ही सगळे त्यावर बराच वेळ बोललो. अब्बांचे म्हणणे होते की आरोग्य विमा हा मोबदल्याचा भाग आहे, जसा भविष्य निर्वाह निधी किंवा भरपगारी रजा. मोबदला पाहून नोकरी निवडण्यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होईल, जेव्हा फॉर्मवर विचारलेले लपवले जाईल किंवा शस्त्रक्रिया होताच काम टाकून निघून जाईल. काम ही अमानत आहे, ती पूर्ण निभावली पाहिजे.

विम्याच्या शरई बाजूचीही चर्चा झाली. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याला पर्याय म्हणून मान्यता दिली. त्यामुळे घरात संकोच होता. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांना विचारले. त्यांचे उत्तर असे होते की नोकरीच्या अटींमध्ये मालकाने आपल्या खर्चाने दिलेली सोय आणि स्वतः विकत घेतलेली पॉलिसी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात त्यांना अडचण दिसली नाही. दुसऱ्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, गरज आणि ऐपत पाहून विचारावे. वाचकांनीही आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा.

आपाने दुसरी नोकरी स्वीकारली. विमा पहिल्या दिवसापासून लागू होता, तरी तिने सहा महिन्यांचे प्रोबेशन पूर्ण करायचे ठरवले. नव्या माणसाला लांब रजा मिळणे अवघड, आणि आधी काम दाखवावे हेही खरे. ती कोंढव्यात भावाकडे राहू लागली. शनिवारी दुपारी स्वारगेटहून एसटी पकडून खंबाटकी घाट उतरून घरी, आणि रविवारी रात्री परत. धाकटा मुलगा पाचवीत होता. पहिले दोन महिने तो रोज रात्री फोनवर रडायचा. सासूबाईंनी मुलांचे सगळे सांभाळले, दुल्हाभाई स्वयंपाकाला शिकले. अशा निर्णयात एकट्या बाईची हिंमत पुरत नाही, घराने आपला भार वाटून घ्यावा लागतो.

मंजुरीची फाइल

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय आधीच विमा कंपनीकडे किंवा तिच्या टीपीएकडे, म्हणजे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, मंजुरी मागते. आमचा अनुभव असा की फाइल आधी तयार असली तर निम्मे काम होते. आपाच्या फाइलमध्ये गेल्या चार वर्षांतले वजन, आहारतज्ज्ञांचे दोन्ही कोर्स, मधुमेहाच्या डॉक्टरांची टिपणे, तीन महिन्यांच्या साखरेचे अहवाल, झोपेची चाचणी, एंडोस्कोपी आणि मानसोपचारतज्ज्ञांचा अभिप्राय होता. सर्जनच्या पत्रात उंची, वजन, बीएमआय, सोबतचे आजार आणि आधीचे फसलेले उपाय स्वच्छ लिहिलेले होते. "रुग्णाला वजन कमी करायचे आहे" असे एक वाक्य त्या पत्रात असते तर अर्ज अडकला असता. "मधुमेह आणि श्वास अडण्याच्या आजारावर उपचार म्हणून" असे असले पाहिजे, कारण खरे तेच आहे.

टीपीएने एकदा शंका काढली. चालण्याचा आणि आहाराचा प्रयत्न किती महिने केला, याचा कागद मागितला. साताऱ्याच्या आहारतज्ज्ञांनी जुन्या वहीतल्या नोंदींची सही-शिक्क्याची प्रत दिली. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेस मंजुरीच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. शंका निघाली की अर्थातच वेळ लागतो, म्हणून तारखेच्या आठ-दहा दिवस आधी अर्ज करावा. बिल तीन लाख नव्वद हजार झाले. वगळलेल्या वस्तू, आधीच्या तपासण्या आणि प्रथिनांची पावडर मिळून आम्ही अडतीस हजार भरले. तेवढी रक्कम आधी बाजूला ठेवलेली बरी.

शस्त्रक्रियेनंतरचे घर

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडले, अडीच आठवड्यांनी ती ऑफिसला गेली. पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग मऊ, मग साधे जेवण. एका वेळी चार-पाच चमचे. जेवताना पाणी प्यायचे नाही, ते अर्ध्या तासाने घोट घोट. आधी डाळ, अंडे, चिकन किंवा पनीर, भाकरी शेवटी. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि रक्ताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळू लागले तेव्हा आपा घाबरली, पण डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले होते आणि काही महिन्यांत ते थांबलेही. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबावे असे सांगतात.

त्या वर्षी रमजान मार्चच्या सुरुवातीला आला. शस्त्रक्रियेला दीड-दोन महिनेच झाले होते. दिवसभर पाण्याशिवाय राहणे धोक्याचे होते. डॉक्टरांनी मनाई केली, मौलानासाहेबांनीही आजाऱ्याला दिलेली सवलत घ्यायला सांगितले. आपाने रोजे कजा ठेवले, बरी झाल्यावर पूर्ण करण्याच्या निय्यतीने. लोकांनी विचारलेच. अम्मीने सगळ्यांना एकच उत्तर दिले, "ती आजारी आहे, इलाज चालू आहे."

आम्हाला घरच्या सवयीही बदलाव्या लागल्या. ईदला शीरखुर्म्याची वाटी तिच्यापुढे धरून "एक चमचा तरी" म्हणणे बंद केले. आमच्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण आहे, पण अशा माणसाला आग्रहाने उलटी होते. दहा महिन्यांत वजन १०६ वरून ७४ वर आले. साखरेची एकच गोळी उरली आहे. रात्री श्वास अडत नाही, दुल्हाभाई झोपू लागले आहेत. शस्त्रक्रिया जादू नाही. खाणे-पिणे सैल सोडले तर वजन काही प्रमाणात परत येऊ शकते, हे आपाला ठाऊक आहे आणि तिची वही अजून चालू आहे.

नकार आला तर

सगळ्यांचे अर्ज मंजूर होत नाहीत. नकार आला तर तो लेखी आणि कलमाच्या उल्लेखासह मागावा. बऱ्याच वेळा कागद अपुरे असतात, ते जोडून पुन्हा अर्ज करता येतो. नंतर विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, गट विम्याच्या तक्रारीही ते ऐकतात आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात. विमा कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावे.

आपाच्या बाबतीत ही वेळ आली नाही, अल्हम्दुलिल्लाह. आता तिची चिंता वेगळी आहे. कंपनीचा विमा नोकरी असेपर्यंतच, म्हणून कुटुंबासाठी स्वतंत्र सोय काय करावी याचा ती विचार करते आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी उठला आहे, त्यामुळे हिशेब थोडा हलका झाला. या वेळी फॉर्मवर ती शस्त्रक्रियेसकट सगळे लिहिणार आहे.

आपल्या घरांतून अनेक मुली आता शिकून नोकरीला लागत आहेत. त्यांचा पगार घरखर्चाला हातभार म्हणून मोजला जातो, त्यांच्या नोकरीतून मिळणारा विमा मात्र कुणी मोजत नाही. कित्येकींना तो आहे हेही ठाऊक नसते. तुमच्या घरात कुणी नोकरीला असेल तर या आठवड्यात त्यांच्या गट विम्याचे माहितीपत्रक मागवून घ्या, घरातल्या माणसांची नावे त्यात नोंदवलेली आहेत का पाहा आणि वगळलेल्या गोष्टींचे पान आधी वाचा. नव्या बाळाचे किंवा नव्या सुनेचे नाव ठरावीक दिवसांतच घालता येते, तो काळ बऱ्याच ठिकाणी एक महिन्याचा असतो. आणि घरात कुणी वजनाने आजारी असेल, तर सल्ल्यांऐवजी त्याच्यासोबत एकदा डॉक्टरांकडे जा.